सांबऱ्याचे रविवार

दत्ताअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीत होतो आणि माझ्या हातात पडद्याची दोरी होती. संध्याकाळच्या प्रयोगासाठी आम्ही सकाळीच सामान घेऊन पोचलो होतो. फोनवर सुशीलावहिनी होत्या. रडत नव्हत्या. "भावजी, ह्यांचं झालं," एवढंच म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "येताना जपून या." मी दोरी तशीच धरून उभा राहिलो. आता दीड महिना होत आला, तरी त्या क्षणाची एक गोष्ट माझी पाठ सोडत नाही. दुःख वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्या रविवारी मला अण्णांसमोर बसून खोटं बोलावं लागणार नव्हतं.

प्रयोग रद्द केला आणि सगळे सामानाच्या टेंपोनंच सांबऱ्याला निघालो. संकेश्वरला चहाला उतरायची आमची वर्षानुवर्षांची रीत, पण त्या दिवशी कोणी 'थांबूया' म्हणालं नाही. गाडी अण्णांच्या दारात उभी राहिली तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आपण काय घेऊन आलोय. मागं सिंहासन, पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन, कपड्यांच्या ट्रंका, आणि सगळ्यांत वर गुंडाळलेला बागेचा पडदा. ज्या माणसाला आम्ही दीड वर्ष सांगत होतो की नाटकं बंद पडली, त्याच्या अखेरच्या दर्शनाला आम्ही अख्खं नाटक घेऊन उतरलो होतो… वहिनींनी टेंपोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बाजूला सरकून आत जायला वाट दिली.

या भागातल्या पुष्कळ वाचकांनी अण्णांना ऐकलं असेल, पाहिलं मात्र नसेल. ते ड्रमवाले. आमच्या हौशी संस्थेच्या संगीत नाटकांत ते उजव्या विंगेत बसायचे, प्रेक्षकांना दिसायचे नाहीत. जत्रेच्या दिवसांत कानडी कंपन्यांच्या नाटकांना वाजवायला जायचे. मधल्या काळात कोल्हापूरच्या स्टुडिओंतून बोलावणं यायचं. भक्तिगीतं, लग्नाची गाणी, कानडी लोकगीतं, जे असेल ते. कॅसेटच्या वेष्टनावर गाणाऱ्याचं नाव, पेटीवाल्याचं नाव, कधीकधी फोटोवाल्याचंही नाव असायचं. अण्णा आपले 'आणि साथीदार' मध्ये. त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. एकदा आम्ही दोघं बसनं निपाणीला चाललो होतो. ड्रायव्हरनं कॅसेट लावलेली. अण्णांनी एकदम माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "ह्यो मी." पलीकडच्या म्हाताऱ्यानं कौतुकानं विचारलं, गाणारे तुम्ही व्हय? अण्णा म्हणाले, न्हाय, त्याच्या मागं असतोय तो. म्हातारा खिडकीकडं तोंड करून बसला, आणि अण्णा चिकोडी फाटा येईपर्यंत गालात हसत होते.

घर शेतकऱ्याचं. लहानपणी लग्नाच्या बँडमागं फिरत फिरत ताशा शिकले, मग बेळगावच्या कॅम्पातल्या एका बँडमास्तरांकडं खरा ड्रम. वडिलांची एकच अट होती, सकाळी रानात यायचं. ती अट वडील गेल्यावरही अण्णांनी पाळली. रात्रीचा प्रयोग संपवून आलेला माणूस सकाळी पाण्याच्या पाळीला उभा असायचा. स्टुडिओत पहिल्यांदा त्यांच्या कानाला हेडफोन लावून ठेक्याची टकटक सुरू केली, तेव्हा त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्यो कोण मधी मधी बोलालाय?" सगळे हसले. पण महिन्याभरात त्या टकटकीशी त्यांनी जमवून घेतलं. म्हणायचे, काय न्हाय, ह्यो एक असा नट हाय जो कधी चुकत न्हाय. त्यामुळं करमत न्हाय त्याच्यासंगं, एवढंच.

कारण त्यांचं खरं मन रमायचं ते चुकणाऱ्यांबरोबर. मी टिळकवाडीतल्या शाळेत शिक्षक. पाठांतर चांगलं म्हणून संस्थेनं मला ओढलं, आणि निपाणीतल्या माझ्या पहिल्याच प्रयोगात मी वाक्य विसरलो. समोर हॉल गच्च भरलेला. तंबाखूचे व्यापारी पुढं खुर्च्यांवर, विड्या वळणाऱ्या बायका मागं सतरंजीवर. माझं डोकं एकदम कोरं. तेवढ्यात विंगेतून अगदी हळू ड्रम घुमायला लागला. जसं काही आता खून होणार. लोक पुढं सरकले. ड्रम वाढत गेला, वाढत गेला, माझ्या समोरचा नट खरोखर घाबरला, आणि तेवढ्या वेळात मला वाक्य आठवलं. वाक्य होतं, "चहा घ्याल का जरा?" हॉल हसून कोसळला. पुढं कित्येक वर्षं तो ड्रम त्या चहाआधी वाजत राहिला. लोकांना तो नाटकातलाच वाटायचा.

एकदा मात्र चूक अण्णांची झाली. तोच फार्स त्या आठवड्यात ते कानडीतही वाजवत होते. सासरा जावयाच्या थोबाडीत मारतो असा प्रसंग. कानडी सासरा झटकन मारायचा. आमचा सासरा, म्हणजे राजाराम, आधी हात वर करून प्रेक्षकांकडं पाहायचा. त्या रात्री अण्णांच्या हातात कानडी सासरा होता. राजाचा हात अजून खाली आहे तोवरच 'धाड' वाजलं. जावई मी. सवयीनं मी आवाजाबरोबर आडवा झालो. राजा आपल्या हाताकडं बघत उभा. आत आल्यावर तो अण्णांवर धावून गेला, तर अण्णा शांतपणे म्हणाले, राजा, तू मारायच्या आधी माणसं पडालीत, आणखी काय पाहिजे तुला? ती चूकही आम्ही ठेवून दिली.

असं सगळं चाललं असताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बेळगावात मोठी शस्त्रक्रिया झाली. निपाणीचा प्रयोग दोनच दिवसांवर होता, तिकिटं गेलेली, म्हणून आम्ही बसवराजला बोलावलं. बसवराज संकेश्वरजवळच्या साखर कारखान्यात नोकरीला. जत्रेतल्या कानडी नाटकांत वाजवतो, हात चांगला, आणि मराठी आपल्याइतकीच समजते. त्यानं निभावून नेलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. अण्णांना नुकतंच साध्या खोलीत आणलं होतं. ओठ कोरडे पडलेले. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "मास्तर, निपाणी पुढं ढकललासा न्हवं? मी आलो की करूया." मी म्हणालो, "व्हय अण्णा. तुमच्याशिवाय कुठलं नाटक." माझा आवाजही कापला नाही.

त्या एका वाक्यापासून सगळं सुरू झालं. आता खरं सांगितलं तर त्यांना धक्का बसेल, असं आम्ही आपसांत ठरवलं. वहिनींनाही काही कळू देऊ नका म्हणून सांगून ठेवलं. मग बेळगावात प्रयोग घ्यायचे नाहीत, फलक लावायचे नाहीत, सगळं संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडंच करायचं. डॉक्टरांनी सहा महिने ड्रम नको म्हणून सांगितलं होतं. "मग बघू," असं म्हणाले होते. सहा महिने गेले. ते 'मग बघू' विचारायला आमच्यातलं कोणीच गेलं नाही… आम्ही हे प्रेमापोटी केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. प्रेम होतंच. पण तोवर बसवराज रुळला होता, ड्रम तो स्वतःच्या गाडीतून आणत होता, आणि आजारी माणसाला सांभाळून न्यायची कटकट वाचली होती. हेही खरं आहे, आणि ते मी आज पहिल्यांदा लिहितोय.

दर रविवारी सकाळी मी स्कूटर काढून सांबऱ्याला जायचो. अण्णा पुढच्या खोलीत लाकडी पलंगावर बसलेले असायचे. "ये मास्तर, बस की," म्हणायचे. शाळेचं, उसाचं, विमानतळाकडच्या वाढलेल्या रहदारीचं बोलणं व्हायचं. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, नाटकाचं कसं? मी कारण सांगितलं. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, हे आज आठवतं. मीच न विचारता काढायचो. हॉल मिळत नाहीत, मुलांच्या परीक्षा आहेत, नायिकेचं लग्न ठरतंय. कधी मी मध्येच अडखळलो की अण्णाच म्हणायचे, "व्हय की, डिझेल केवढ्याला झालंय. परवडतंय कुठं आता?" मी सुटल्यासारखा मान हलवायचो.

एका रविवारी राजाराम माझ्याबरोबर आला. येताना त्यानं मुद्दाम उसवलेल्या कॉलरचा शर्ट घातला होता. म्हणाला, परिस्थिती दिसायला पाहिजे. पलंगासमोर वेताच्या मोढ्यावर बसला, मोठा श्वास घेतला, आणि तिसऱ्या अंकातल्या आवाजात सांगायला लागला की संस्थेचं सगळं संपलं, गोडाऊनमध्ये उंदीर शिरले आणि पडदे खाऊन टाकले. अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कुठला पडदा?" राजानं याचा विचार केला नव्हता. तो माझ्याकडं बघायला लागला, मी कपातल्या चहाकडं. मग अण्णाच हळूच म्हणाले, "बागेचाच असंल. त्याला खळ लई होती. उंदरं सोडत न्हाईत." राजा म्हणाला, व्हय, व्हय, बागेचाच. परत येताना तो स्कूटरच्या मागं बसून खुशीत होता. म्हणाला, कसं पटवलं अण्णाला, बघितलास? खुश मीही होतो.

कार्य झालं, पाहुणे पांगले, त्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं सांबऱ्याला गेलो. पलंग रिकामा होता, गादी उन्हात टाकलेली. मी वहिनींना म्हणालो, मला तुमच्यापाशी बोलायचंय. आम्ही अण्णांना फसवलं, आणि ते आपल्याला सगळे विसरले असं वाटूनच गेले असतील, हे मला सहन होत नाही… बोलायला सुरुवात केली ती थांबेना. वहिनी शेंगा सोलत होत्या. माझं होऊ दिलं, आणि मग म्हणाल्या,

"पहिल्या रविवारीच कळालतं त्यास्नी, भावजी."

मला वाटलं त्यांनीच सांगितलं असेल. त्यांनी मान हलवली. मी कशाला सांगू, म्हणाल्या. आदल्या दिवशी तुम्ही चिकोडीला प्रयोग करून आलता, कानामागं रंग तसाच. ह्यांनी तुम्हाला टॉवेल दिला न्हवं, ऊन लई हाय, तोंड पुसून घे म्हणून? त्या टॉवेलाला गुलाबी डाग पडला होता. तुम्ही गेल्यावर मला दाखवून हसालते. आणि राजाभावजी येऊन गेल्यावर तर पोट धरून हसले. म्हटले, चाळीस वर्षं मी ह्याचं काम बघालोय, इतकं वाईट काम ह्यानं कधी केलं न्हवतं.

मी विचारलं, मग त्यांनी आम्हाला एकदाही का टोकलं नाही? शेंगा सोलायचं थांबवून वहिनी दाराबाहेर बघत राहिल्या. त्यांनीही हेच विचारलं होतं म्हणे. तर अण्णा म्हणाले होते, "खरं निघालं तर मास्तर लाजंल. मग रविवारचं कोण येणार गं?"

डिझेलचा भाव आठवला, पडद्याची खळ आठवली. मी अडखळलो की दर वेळी तिकडून एक वाक्य यायचं आणि मी सावरायचो. ते मला फसत नव्हते. मी पडू नये म्हणून ते वाजवत होते. आयुष्यभर विंगेत बसून केलेलं काम त्यांनी त्या पलंगावर बसून केलं, आणि माझ्या ध्यानात आलं नाही…

पण वहिनींनी पुढं जे सांगितलं त्यानं खरा घाव घातला. अण्णा अधूनमधून म्हणायचे, कोण वाजवतोय कुणास ठाऊक. चांगला असू दे. त्याला तिसऱ्या अंकातलं तेवढं सांगायला पाहिजे. आणि इकडं बसवराज दर प्रयोगाला माझ्या मागं लागायचा, "सर, एकदा अण्णांना भेटवा. मला चार गोष्टी विचारायच्या आहेत." अण्णांना जत्रेत ऐकूनच त्याला या वाद्याचा नाद लागलेला. मी दर वेळी सांगायचो, अजून तब्येत बरी नाही, बघू. एक विचारायला आसुसलेला, एक सांगायला, आणि दोघांच्या मध्ये मी. अण्णांनी मला माफ केलं असेल, पण हे त्यांनी माफ करून भागण्यासारखं नाही. तिसऱ्या अंकातलं ते जे काही होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

गेल्या रविवारी मी बसवराजला सांबऱ्याला घेऊन गेलो. उशीरच झाला होता, पण न नेण्याचं आता कारणही उरलं नव्हतं. तो वहिनींच्या पाया पडला, कानडीत काहीतरी बोलला, वहिनींनी त्याला पलंगावर बसायला सांगितलं. त्याला बसवेना, म्हणून तो पलंगाच्या कडेशी जमिनीवरच बसला. तिसऱ्या अंकात सासरा घर सोडून निघून जातो, जावई उंबऱ्यात एकटा उभा राहतो आणि मग त्याचं शेवटचं बोलणं. तिथं काय वाजवायचं हे बसवराजला कधी सापडलं नव्हतं. त्यानं मला विचारलं, अण्णा काय वाजवायचे? एवढी वर्षं मी त्यांच्या वाजवण्यावर उभा राहिलो, पण माझं तोंड प्रेक्षकांकडं आणि पाठ विंगेकडं. मला सांगता येईना.

म्हणून मग मी खोलीच्या दारात उभा राहिलो आणि काम करायला लागलो. म्हटलं, अंगाला काही आठवतंय का बघू. बसवराज पलंगाच्या फळीवर बोटांनी धरत गेला. एकदा केलं, दोनदा केलं, काहीतरी बसत नव्हतं. मी शेवटच्या वाक्याला हात घातला तेवढ्यात आतून वहिनी दारात आल्या. दोन्ही हात पिठानं भरलेले.

"तसं न्हाय भावजी. हितं ते थांबायचे."

मी चमकून म्हणालो, तुम्ही हे नाटक कधी पाहिलंत? बघितलं न्हाय कधी, म्हणाल्या. घरी म्हशी, धारा काढायच्या कोणी? पण रानातनं आले की ह्या फळीवर रोज हेच चाललेलं असायचं, आणि माझ्या भाकऱ्या व्हायची वेळ तीच. माझा हात त्याच्यावरच बसलाय. आता दुसऱ्या तऱ्हेनं थापायला गेले तर भाकरी फाटतीया.

त्या आत गेल्या. "पुन्हा म्हणा," आतूनच सांगितलं. मी पुन्हा उंबऱ्यात उभा राहिलो. परातीत थापा पडायला लागल्या, सासरा जायला निघाला तशा जवळ जवळ आल्या, बसवराजची बोटं त्यांच्याबरोबर फळीवर चालू लागली. आणि एकाएकी थापा थांबल्या. त्याची बोटं हवेत राहिली. मी वाक्यासाठी श्वास घेतला होता तो तसाच धरून ठेवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ लांब थांबायचे अण्णा… आत भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला, आणि मग मी माझं वाक्य म्हटलं.